खुंटा सारखा उपटतोय? घण उचलण्याआधी भोक बघा

बेंदराच्या दिवशी दुपारी गल्लीत हलगी वाजायला लागली आणि आमच्या खोंडानं खुंटा उपटला. आधी दोन पावलं मागं सरला, मान खाली घातली आणि एकदम पुढं उसळला. बाभळीचा दोन हात खुंटा बाटलीचं बूच निघावं तसा निघाला. पण खरा घोळ त्यानंतर झाला. दाव्याच्या टोकाला लोंबणारा तो खुंटा त्याच्या मागच्या पायांवर आदळायला लागला, आणि प्रत्येक टोल्यासरशी खोंड जास्तच उधळत गेलं. एकाच शिंगाला रंग लावून झाला होता. दुसरं शिंग तसंच ठेवून ते शेजाऱ्याच्या कडवळातून पार ओढ्यापर्यंत गेलं.

त्या महिन्यातली ती तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळी मी सगळे करतात तेच केलं होतं. तोच खुंटा, तेच भोक, फक्त घणाचे चार टोले जास्त. तिसऱ्यांदाही घण घेऊन निघालो, तेव्हा ओट्यावर बसलेले चुलते म्हणाले, "खुंटा काय बघतोस? भोक बघ."

"भोकात काय बघायचं आप्पा?"

"ते कसं झालंय ते बघ. मग मला सांग खुंटा का निघाला."

मला सांगता आलं नाही. पण तेव्हापासून सवय लागली. खुंटा निघाला की त्याच भोकात पुन्हा ठोकायचा नाही. आधी वाकून भोक बघायचं, बोटं घालून चाचपायचं. चार-पाच वर्षांत गाय, म्हैस, खोंड, शेळ्या अशा सगळ्यांचे खुंटे उपटलेले पाहिले आणि बहुतेक वेळा भोकानं कारण सांगितलं. आमचं रान दोन जातींचं आहे, वर मुरमाड आणि ओढ्याकाठी काळं. त्यामुळं एकच खुंटा एका ठिकाणी दगडासारखा बसतो आणि शंभर पावलांवर लोण्यातून निघाल्यासारखा निघतो, हे रोजचंच.

भोक नरसाळ्यासारखं असेल, म्हणजे वर पसरट आणि खाली घट्ट, तर खुंटा ओढून निघालेला नाही, हलून हलून निघाला आहे. शेळ्यांच्या बाबतीत जवळजवळ नेहमी हेच असतं. उस्मानाबादी शेळी भरली तरी तीस-पस्तीस किलोची, तिला खुंटा एका झटक्यात उपटता येत नाही. पण ती दिवसभर गोल फिरते, आणि दावं जमिनीपासून वीतभर वर बांधलेलं असेल तर प्रत्येक फेरीला खुंटा चारी बाजूंना थोडा थोडा कलतो. जमिनीवर राहिलेला भाग म्हणजे पहारेची लांब बाजू. जेवढा तो जास्त, तेवढी जनावराला तरफ जास्त मिळते. आपल्याकडं 'खुंटा हलवून बळकट करणे' असं म्हणतात. म्हण बोलण्यापुरती ठीक आहे, पण रानात खुंटा हलवला की तो बळकट होत नाही, भोक मोठं होतं.

उपाय साधा आहे. दावं जमिनीलगत बांधा आणि खुंट्याचं डोकं जमिनीबरोबर ठेवा. दावं थेट खुंट्याला गुंडाळू नका. खुंट्यात सैल फिरणारी कडी घाला आणि कडी व दावं यांच्यामध्ये भोवरकडी, म्हणजे जागेवर गरगर फिरणारी जोडकडी, लावा. भोवरकडी नसेल तर दाव्याला पीळ बसत जातो, ते आखूड होत जातं, आणि संध्याकाळी शेळी खुंट्याला नाक लावून उभी सापडते. जमिनीच्या वर आलेल्या खुंट्यावरही असंच दावं गुंडाळलं जातं. त्यात गळफास बसून शेळ्या दगावतात, खुंटा उपटणं त्यापुढं काहीच नाही.

भोक साफ असेल, पहारेनं पाडल्यासारखं सरळ, कडा न ढासळलेल्या, तर ओढ वरच्या दिशेनं लागली आहे. हे मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण यात दोष बहुतेक आपल्याच हातचा असतो. आपण दावं आखूड करतो. जनावर खुंटे उपटतंय ना, मग आणखी जवळ बांधा. आता हिशेब बघा. म्हैस मान वर करून उभी राहिली की गळपट्टा जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर येतो. दावं दीड मीटरचं असेल तर ताणलेल्या दाव्यातली ८० टक्के ओढ सरळ वर जाते, खुंटा उपटायच्या दिशेनं. तेच दावं चार मीटरचं केलं तर वर जाणारी ओढ ३० टक्क्यांवर येते. बहुतेक ओढ आडवी जाते, आणि आडव्या ओढीला जमीन सहज दाद देत नाही. खुंटा आडवा सरकायचा तर पुढची माती दाबावी लागते. वर निघायचा तर फक्त घर्षण सोडवायचं असतं.

त्यातही खुंटा निमुळता तासलेला असेल तर कल्याणच. बरेच जण वरपासून खालपर्यंत गाजरासारखा तासतात. ठोकायला तो सोपा जातो, पण पाव इंच वर सरकला की सगळीकडून एकदम सुटतो. सरळ खुंटा अर्धा निघाला तरी उरलेला अर्धा धरून असतो. म्हणून टोक फक्त शेवटच्या पाच-सहा इंचांत करा, बाकी सगळा एकाच जाडीचा ठेवा. लोहाराकडून पहार शेवटून, म्हणजे टोक काढून, घेतो तसं.

तिसरं भोक एका बाजूला फाटलेलं असतं. त्या बाजूची माती ढेकूळ होऊन उचललेली असते, कधी दोन्हीकडं भेगा पडलेल्या असतात. हा झटका. बेंदराच्या दिवशीचं आमचं भोक असंच होतं. बैल सावकाश किती ओढतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. दिवसभराच्या कामात वजनाच्या साधारण दहा टक्के धरतात, म्हणजे चारशे किलोच्या बैलाला चाळीस किलो. त्यावरून खुंट्याचा अंदाज बांधला की आपण फसलो. कारण खोंड खुंटा ओढत नाही, तो सैल दाव्यावर धावतो आणि दावं संपल्यावर अडकतो. चारशे किलोचं जनावर सेकंदाला तीन मीटर वेगानं आलं (ही काही फार मोठी धाव नव्हे, जरा जोरात दुडकणंच) आणि दावं व माती मिळून ३० सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर त्या क्षणी सरासरी सहाशे किलोची ओढ बसते. १० सेंटिमीटरमध्ये थांबलं तर अठराशे. म्हणजे न ताणणारी साखळी आणि पक्का खुंटा एकत्र आले की ओढ कमी होत नाही, वाढते.

इथं दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात आणि मधला मार्ग आपल्यालाच काढावा लागतो. दावं आखूड ठेवलं तर ओढ वर जाते. लांब ठेवलं तर धावायला जागा मिळते. माझा तोडगा असा आहे. चरायला बांधायचं असेल तेव्हा लांब दावं ठेवतो आणि त्यात ट्रकच्या ट्यूबचा हातभर पट्टा अडकवतो. पट्ट्याला समांतर दाव्याचाच थोडा सैल फेरा ठेवायचा, म्हणजे ट्यूब फाटली तरी जनावर सुटत नाही. झटका ट्यूबमध्ये जिरतो. गोठ्यापुढं किंवा रात्री बांधायचं असेल तर दावं आखूड, पण खुंटा ठोकलेला नाही, गाडलेला. त्याचं पुढं सांगतो.

कधी भोकच नसतं. खुंटा जागेवर असतो आणि वरचा भाग जनावराबरोबर गेलेला असतो. लाकूड नेहमी जमिनीच्या पातळीला कुजतं, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथंच भेटतात, आणि वाळवीलाही तिथंच सोयीचं पडतं. बाभळीचा वाळलेला खुंटा, टोकापासून जमिनीच्या वर चार बोटांपर्यंत वरवर भाजून काळा केलेला आणि जळकं ऑइल पाजलेला असेल तर बऱ्यापैकी टिकतो. तरी दर पावसाळ्याआधी पातळीजवळची माती उकरून सुरीचं टोक घालून बघायचं. टोक रुतलं तर तो खुंटा चुलीत.

आता जमिनीबद्दल, कारण खुंटा बदलण्याआधी जागा बदलून बघणं स्वस्त पडतं. काळ्या मातीचा स्वभाव लहरी आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भेग पडायला जागा शोधत असताना तिला आपला खुंटा सापडतो. चैत्रात पक्का वाटलेला खुंटा भेगेत उभा असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. पाऊस पडला की तीच माती घसरडी होते. मग काळ्यात काय करायचं? फूट-दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या, मधोमध खुंटा उभा करा आणि भोवती काळी माती परत न टाकता मुरूम आणि हातात मावतील असे दगड भरा. चार-चार बोटांचा थर, वर थोडं पाणी, मग धुमसानं ठोकून दाबायचं. पुन्हा थर. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्या मुरमाच्या बुंध्याला भेग पडत नाही आणि तो फुगतही नाही. सगळी माती एकदम लोटून वरून दोन लाथा मारल्या तर खड्डा न घेतलेला बरा.

मुरमाड जमिनीत प्रश्न उलटा असतो. खुंटा आत जात नाही म्हणून लोक वीतभर ठोकून सोडून देतात. तिथं आधी पहारेनं भोक पाडा, खुंट्याच्या जाडीपेक्षा बारीक, मग खुंटा ठोका. कोकणातल्या जांभ्यातही हेच करतात. नदीकाठच्या वाळूत कुठलाही सरळ खुंटा ठोकण्यात अर्थ नाही, तिथं गाडाच. एरवी कुठंही, जुन्या भोकापासून किमान दोन हात लांब. उकललेली माती पुन्हा पहिल्यासारखी धरायला एक पावसाळा तरी जातो.

लोखंडी खुंटा करून घेणार असाल तर वेल्डिंगवाल्याकडं सळईऐवजी अँगल मागा. सळई गोल असल्यानं जमिनीत फिरते आणि फिरली की सैल होते. शिवाय बारा मिलीची सळई म्हैस चार दिवसांत वाकवते. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल, तीन फूट लांब, हा मोठ्या जनावराला पुरतो. त्याची रुंद पाठ मातीला टेकते, आणि तो फिरत नाही. शेळीला ३५ चा दोन फूट पुष्कळ झाला. टोक तिरपं कापा. अँगलला कडी सैल फिरत नाही, म्हणून वरच्या टोकाला आतल्या कोपऱ्यात चार इंचांचा सळईचा तुकडा उभा वेल्ड करा, तो अँगलच्या वर तीन इंच निघू द्या, त्यात कडी ओवा आणि वरून जाड वॉशर वेल्ड करून तोंड बंद करा. घणाचा टोला मात्र वॉशरवर मारायचा नाही. तुकड्यावर बसेल असा जाड पाइप ठेवून पाइपवर मारा, म्हणजे टोला अँगलवर जातो. डोक्याला फूल आलं की ते ग्राइंडरनं उतरवा. त्या धारेनं दावंही कापतं आणि हातही.

दुसरा प्रकार मला फार आवडतो, कारण त्याला जवळजवळ खर्च नाही. दोन सळया किंवा दोन अँगल एकाच जाड कडीतून तिरपे, एकमेकांना कात्रीसारखे छेद देत ठोकायचे. एक पूर्वेकडं कललेला, दुसरा पश्चिमेकडं. जनावर कुठूनही ओढो, एकाला निघायचं असेल तर दुसऱ्याला तिरपं जमिनीतून ओरबाडत यावं लागतं. तंबूची मेख आपण ओढीच्या उलट दिशेला कलती ठोकतो, पण तंबू एकाच बाजूनं ओढतो. जनावर चारही बाजूंनी ओढतं, म्हणून एकच खुंटा कलता ठोकून उपयोग नाही. तो एका बाजूला पक्का आणि तिन्ही बाजूंना कच्चा होतो.

ही कात्री मी अमेरिकेतल्या कोयोटे (कोल्ह्यासारखं जनावर) पकडणाऱ्या लोकांच्या व्हिडिओत पाहिली. तिकडं सापळ्याची साखळी जमिनीला अशी बांधतात. त्यांच्याकडं आणखी एक युक्ती आहे, वायररोपवाला अँकर. बोटभर जाडीचा टोकदार तुकडा, मधोमध वायररोप बांधलेला. सळईनं तो अडीच फूट खाली ठोकायचा, सळई काढून घ्यायची आणि वायररोप वर ओढायचा. तुकडा आत आडवा होतो आणि वरची सगळी माती अंगावर घेतो. मी इंची पाइपचा पाच इंची तुकडा तिरपा कापून, मध्ये भोक पाडून, सहा मिलीचा वायररोप दोन यू क्लॅम्पनी आवळून तो केला. ओलसर काळ्या मातीत सुरेख बसला. मुरमात आडवाच झाला नाही, सरळ वर आला. काढायचा म्हणजे खणावं लागतं. मी एक रानात विसरलो आणि पुढच्या हंगामात रोटाव्हेटरमध्ये वायररोप गुंडाळला. अर्धा दिवस ट्रॅक्टरवाल्याची बोलणी खात करवतीनं तो कापत बसलो. तेव्हापासून तो फक्त बांधावर वापरतो.

हे व्हिडिओ बघून कोणाला डुकरासाठी सापळा लावायची हुक्की येईल, म्हणून सांगून ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात सापळा लावणं, फास लावणं हे शिकारीतच धरलं आहे. डुकराच्या वाटेवर लावलेल्या क्लचवायरच्या फासात बिबट्याही अडकतो. आपण त्यांच्याकडून फक्त खुंटा घ्यायचा.

आता गाडलेला खुंटा. रोज त्याच जागी जनावर बांधायचं असेल तर दरवर्षी ठोकाठोकी करण्यापेक्षा हा एकदाच करा. हात-सव्वा हात लांबीचा बाभळीचा ओंडका किंवा तेवढाच लांबट दगड घ्यायचा, मधोमध साखळी गुंडाळायची, दोन ते अडीच फूट खोल खड्ड्यात आडवा टाकायचा आणि वर सांगितलं तसा थराथरानं मुरूम धुमसायचा. वर फक्त साखळीची शेवटची कडी. तो का धरतो, तर त्याला निघायचं असेल तर वरची माती उचलावी लागते. ४० सेंटिमीटर चौरस फळी ६० सेंटिमीटर खोल असेल तर नुसती तिच्या डोक्यावरची माती दीडशे किलोच्या वर भरते. प्रत्यक्षात माती सरळ उचलली जात नाही, वर येताना टोपलीसारखी रुंद उचकटते, त्यामुळं धरायची ताकद त्याहून बरीच जास्त. वाळूत ओंडक्याऐवजी वाळूनं भरलेलं पोतं गाडलं तरी चालतं. ते प्लास्टिकचं असू दे, गोणपाट लवकर कुजतं.

झाल्यावर तपासायचं, पण म्हैस बांधून नाही. पाच फुटी पहार घ्या, टोकापासून अर्ध्या फुटावर खाली दगड ठेवा, छोट्या टोकाला कडी अडकवा आणि लांब टोकावर दाबा. नऊ पट तरफ मिळते, म्हणजे तीस किलोचा भार दिला की कडीवर २७० किलोची वरची ओढ. त्याला कडी बोटभरही हलली नाही तर म्हशीला घाबरायचं कारण नाही. हलली तर पुन्हा खणा, टोले वाढवू नका.

एक गोष्ट मात्र खुंटा पक्का झाल्यावरच लक्षात येते. आधी खुंटा निघत होता म्हणजे झटका तो खात होता. आता तो निघत नाही, तर झटका दुसऱ्या कुणाला तरी खावा लागणार, आणि तो जनावराची मान खाते. म्हणून पक्क्या खुंट्याला वेसणीनं कधीही बांधायचं नाही. वेसण माणसाच्या हातात असताना ठीक, खुंट्याला असेल तर एका उसळीत नाकपुडी फाटते. गळ्यात रुंद गळपट्टा, मग ट्यूब, मग दावं, मग भोवरकडी, मग कडी. गळपट्टा चार बोटं तरी रुंद हवा, नायलॉनची बारीक दोरी गळ्यात नको, ती कातडं कापते.

यंदा बेंदराला हलगी दारापुढं येऊन वाजली. आप्पा ओट्यावर होते, मी रंगाची वाटी घेऊन उभा. खोंड, आता त्याला बैलच म्हणायला हवं, दोन पावलं मागं सरला, मान खाली घातली आणि उसळला. ट्यूब हातभर ताणली, परत आली. गाडलेली कडी तसूभर हलली नाही. भोवरकडी मात्र खळकन तुटली, बाजारातली आठ मिलीची, आणि बैल पुन्हा कडवळात. आप्पा एवढंच म्हणाले, "चला, या वेळी खुंटा तरी मागं लागला नाही." दुसऱ्या दिवशी लोहाराकडून बारा मिलीची घडवून आणली.